एका संगणकात तिघं

कोचकोर, ९ सप्टेंबर २०१२

पेरिझात बेटा,

अक्षर सूनबाईचं, गुलझिनाचं आहे, बोलणं तुझ्या मामाचं.

तुझ्या आईला जाऊन वर्ष झालं त्या जेवणाला आली होतीस तेव्हा म्हणाली होतीस, मामा, आंधळ्यांसाठी बोलणारा संगणक असतो. तेव्हा मी हसलो होतो. आता मला तो पाहिजे. नवा आणायचा नाही, घरात आहे त्यातच बसव. माझा उलान गेल्यापासून त्यावर गुलझिनाच काम करते, लग्नाच्या पत्रिका, फोटो, शाळेचे फलक. तिचं काम तसंच राहू दे. त्यातच माझ्यासाठी एक कोपरा कर.

गुलझिना म्हणते, मी वाचून दाखवते की, मी लिहून देते की. हे वाक्य मी तिलाच लिहायला सांगितलंय आणि ती पेन थांबवून बसली आहे. लिही बाई, लिही.

तीस वर्षं मी या खोऱ्यात सिनेमा दाखवला. हिवाळ्यात क्लबात, उन्हाळ्यात यंत्र ट्रकवर चढवून वर कुरणांवर. अंधारात रीळ बदलायचो, तेव्हाही बघायला काही नसायचं. यंत्राला मी भीत नाही, तेव्हा वयाचं कारण सांगू नकोस.

तुझा मामा ओमुरबेक

पेरिझात, आता हे माझं. बाबा अंगणात गेलेत. तुला जमत नसेल तर जमत नाही म्हणून कळव, त्यांना वाईट वाटणार नाही असं मी बघेन. हा संगणक उलाननं स्वतः लावलेला आहे. त्यात दोन विंडोज आहेत, नवीवर मी पत्रिका बनवते आणि जुनीतून छापते, कारण मोठा प्रिंटर जुनीलाच ओळखतो. त्यात काही हललं तर मला दुरुस्त करता येणार नाही. गुलझिना.


बिश्केक, १७ सप्टेंबर

प्रिय मामा आणि वहिनी,

फोनच करणार होते, पण फोनवर सांगितलेलं हवेत जातं आणि हे काम कागद समोर ठेवून करायचं आहे. म्हणून सागिन ड्रायव्हरच्या हाती पत्र आणि एक पुडकं पाठवते आहे.

मामा, जमतं. तुमच्यासाठी लिनक्स नावाची फुकट मिळणारी सिस्टिम आहे, तिच्यात पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज असतो. मात्र आवाज रशियन आहे, किरगीझ अजून कुणी केलेला नाही. किरगीझ वाचेल, पण दवाखान्यातल्या रशियन नर्सनं वाचावं तसं.

वहिनी, घाबरू नकोस. संगणकाच्या पोटात डिस्क असते, साठवणीची जागा. उलानदादानं तिचे दोन भाग केले आणि दोन सिस्टिम बसवल्या. आपण रिकाम्या जागेतून तिसरा भाग काढायचा. मग सुरू करताना पडद्यावर यादी येईल. जी निवडशील ती जागी होईल, बाकीच्या दोघी झोपून राहतील. एकीचं दुसरीला कळतसुद्धा नाही.

मात्र जागा कापताना वीज गेली तर तिघींचंही जाऊ शकतं. म्हणून आधी तुझं सगळं काम सोबतच्या कोऱ्या डिस्कांवर उतरवून ठेव. ते झालं की कळव, मी सुट्टी काढून येते.

मामा, एक विचारू? वहिनी इतकं छान वाचते, मग आत्ताच का?

तुमची पेरिझात


कोचकोर, ८ ऑक्टोबर

पेरिझात,

तुझ्या डिस्का मिळाल्या. दोन चरे पडलेल्या निघाल्या. शिवाय लग्नांचे दिवस आहेत, तीन घरच्या पत्रिका हातात आहेत, आणि वारा सुटला की वीज जाते. हिवाळा संपल्यावर बघू.

‘आत्ताच का’ याचं उत्तर मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, “लिही, म्हाताऱ्याची हौस.”

गुलझिना


बिश्केक, १५ ऑक्टोबर

वहिनी,

स्पष्ट लिहिते, राग आला तरी चालेल. डझनभर डिस्का होत्या, दोन खराब निघाल्या तर दहा उरल्या. मामा कधी कुणाकडे काही मागत नाहीत. डोळे गेले तेव्हाही त्यांनी फक्त म्हटलं की अंगणातली लाकडं एका बाजूला रचा. आता एक गोष्ट मागितली, तर तू वसंतावर ढकलतेस.

तुझं काम मोडेल ही भीती मला समजते. पण संगणक घरातला आहे, तुझ्या एकटीचा नाही. मी नोव्हेंबरात येते आहे. त्याआधी उतरवून ठेवलंस तर बरं, नाहीतर मी आल्यावर आपण दोघी बसू.

पेरिझात


कोचकोर, २४ ऑक्टोबर

पेरिझात,

राग आला. दोन दिवस पत्र फळीवर ठेवलं, मग उत्तराला बसले.

संगणक घे आणि घेऊन जा, मला त्याचं काही नाही. तुला खरं काय ते सांगते, मामांना कळवू नकोस.

उन्हाळ्यापर्यंत आमचं चांगलं चाललं होतं. सकाळी मी त्यांना बातम्या वाचून दाखवायचे, ते मधेमधे मंत्र्यांच्या चुका काढायचे. संध्याकाळी कालव्यापर्यंत चालायला जायचो, माझा हात धरून. ऑगस्टच्या शेवटापासून काय झालं कोण जाणे. आता हात धरत नाहीत. गोठ्यापासून फाटकापर्यंत त्यांनी दोर बांधून घेतला आहे, त्याला धरून जातात. पावाला लोणी स्वतः लावतात, निम्मं टेबलाला लागतं. पुसायला गेले तर म्हणतात, “राहू दे, माझे हात आहेत.” परवा कपात चहा ओतताना हात पोळला. मी धावले तर म्हणाले, “तुला दुसरं काही काम नाही का?”

आणि आता वाचायलाही मी नको. यंत्र वाचेल.

नको त्या चौकशा करणारी एखादी बाई सगळीकडे असते, तशी आमच्या शेजारची बातमा आहे. ती विचारते, म्हाताऱ्याचं तुझ्याशी बिनसलं का? मी काय सांगू? सून म्हणून आले तेव्हा नवरा होता म्हणून या घरात होते. तो गेल्यावर यांच्यासाठी राहिले. ऑगस्टात माझा भाऊ काराकोलहून न्यायला आला होता, त्यालाही मी हेच सांगून परत पाठवलं. आता यांनाच नको असेन तर तोंडावर सांगावं. तिसरी सिस्टिम बसवून कशाला सांगायचं?

सगळं काम डिस्कांवर उतरवलं आहे. तू ये.

गुलझिना


बिश्केक, २६ नोव्हेंबर

प्रिय मामा आणि वहिनी,

सुखरूप पोचले. बोम घाटात बर्फ होतं, सागिननं अर्ध्या वाटेत गाडी थांबवून आम्हा सगळ्यांना खाली उतरवलं आणि ढकलायला लावलं. बूट अजून वाळतायत.

वहिनी, आधी तुझी माफी मागते. पहिल्या रात्री तू डिस्कांची चळत पुढे ठेवलीस, प्रत्येकीवर कुणाची पत्रिका, कुणाचे फोटो ते लिहिलेलं, तेव्हा मला माझं पत्र आठवलं आणि लाज वाटली. जागा कापायला लावली आणि वीज गेली तेव्हाही तू ओरडली नाहीस. मी बिश्केकहून मांडीवर बॅटरीचा तो जड डबा आणला होता म्हणून निभावलं. त्या अंधारात आपण दोघी पडद्यावरची रेघ पुढे सरकताना बघत बसलो आणि तू मला सुक्या जर्दाळूंची वाटी दिलीस. आत उलानदादाचं सगळं होतं, हे मला तेव्हा कुठे कळलं. त्यातलं एक अक्षरही गेलं नाही.

आता कामाचं. यादीत पहिल्या ओळीवर वहिनीची नवी विंडोज ठेवली आहे, दुसऱ्यावर जुनी, तिसऱ्यावर मामांची. मामा, बटण दाबल्यावर पंखा घरघरायला लागेल. मग थोडं थांबायचं आणि खाली जायचा बाण दोनदा दाबून एंटर. काही दाबलं नाहीत तर दहा सेकंदांत वहिनीची सुरू होईल. ती मुकी आहे. पाच मिनिटं आवाज आला नाही तर समजा चुकलं, पुन्हा पहिल्यापासून.

टंकलेखनाचा सराव सोडू नका. दोन बटणांवर उंचवटे आहेत, तिथे तर्जन्या.

तुमची पेरिझात


कोचकोर, १९ डिसेंबर

पेरिझात,

हे पत्र बाबांच्या वतीनं नाही, माझं आहे.

ते रोज सकाळी चहानंतर बसतात. सुरुवातीला चार दिवस बरं चाललं. तो नाक चोंदलेला आवाज घरभर बोलायचा आणि बाबा त्याला शिव्या द्यायचे. आपल्या भाषेतली जी अक्षरं रशियनमध्ये नाहीत ती आली की तो नुसतं “चिन्ह” म्हणतो. बाबांच्या नावात तसली दोन अक्षरं आहेत. त्यामुळे ते त्याला “चिन्ह म चिन्ह रबेक” झालेत. बातमाला मुद्दाम बोलावून ऐकवलं आणि दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

पण त्या यादीशी त्यांचं जमत नाही. थंडीत संगणक हळू उठतो. कधी ते यादी यायच्या आधीच बाण दाबतात, कधी उशिरा. मग माझी विंडोज सुरू होते किंवा उलानची जुनी, आणि त्यांच्यासाठी सगळं गप्प. काल ते तसेच बसून राहिले. मी दारातून बघत होते. पडद्यावर माझ्या पत्रिका होत्या आणि बाबा मान तिरकी करून आवाजाची वाट बघत होते. बराच वेळ. मी पुढे झाले असते, पण ते म्हणाले असते, हात आहेत माझे. शेवटी त्यांनी बटण दाबून बंद केलं, परत लावलं, परत चुकलं. मग उठून गोठ्यात गेले.

त्यांची ओळ सगळ्यात वर आण. काही न दाबता त्यांचीच सुरू झाली पाहिजे. मला डोळे आहेत, मी खाली जाईन. मला पायरी पायरीनं लिहून पाठव, मी करते. त्यांना सांगू नकोस मी सांगितलं म्हणून. तुलाच सुचलं असं कळव.

गुलझिना


बिश्केक, २५ डिसेंबर

वहिनी,

सोबत दोन पानं आहेत. मामांच्या सिस्टिममध्ये जाऊन काळी खिडकी उघडायची आणि पानावरच्या ओळी जशाच्या तशा टाइप करायच्या, मधल्या मोकळ्या जागांसकट. एक ओळ बदलली की त्यांची सिस्टिम वर येईल. दुसरी ओळ टाकलीस की यादी पडद्यावर येताच संगणक तीन सूर वाजवेल, म्हणजे त्यांना कळेल की आता वेळ झाली.

काही चुकलं तर फोन कर, ऑफिसात असले तरी उचलेन.

मामांना मी वेगळं लिहिलं आहे, ही माझीच कल्पना म्हणून. खोटं बोलायला लावलंस, पण चांगलं वाटलं.

पेरिझात


कोचकोर, २१ जानेवारी २०१३

पेरिझात बेटा. हे पत्र मी एकट्यानं लिहिलं. स्वल्पविराम कुठे आहे तो सापडत नाही म्हणून टिंबावर भागवतो. गुलझिना बाजारात गेली आहे. तू ठेवून गेलेल्या त्या संगणकाला लावायच्या बोटाएवढ्या काडीत पत्र भरतो आणि सागिनला देतो. तिच्या हाती जाऊ नये.

सूर चांगले आहेत. क्लबात खेळ सुरू व्हायच्या आधी मी घंटा द्यायचो तसं वाटतं.

तू विचारलं होतंस की आत्ताच का. तेव्हा मी उत्तर देऊ शकलो नाही. कसं देणार. माझं प्रत्येक वाक्य तिच्या हातून जायचं. फोन केला तरी ती खोलीत. आता सांगतो.

ऑगस्टात तिचा भाऊ काराकोलहून आला होता. मी गोठ्यात होतो. ती दोघं भिंतीपलीकडे बोलत होती. तो म्हणाला चल. माझ्या मित्राच्या छापखान्यात तुझ्यासारखं माणूस पाहिजे. ती म्हणाली बाबांना कोण बघणार. तो म्हणाला तू एकतीस वर्षांची आहेस. ती म्हणाली हळू बोल ते ऐकतील.

मी ऐकलं. माझा मुलगा गेला ते माझं दुःख. त्यापायी एक तरणी पोर माझ्या डोळ्यांच्या जागी बसून म्हातारी व्हावी हे मला नको आहे. म्हणून ठरवलं की तिची गरज उरू द्यायची नाही. दोर बांधला. चहा ओतायला शिकलो. वाचणं आणि लिहिणं तेवढं राहिलं होतं तेही आता झालं.

तरी ती जात नाही. मी तिच्याशी तुसडेपणानं बोलतो. वाटलं रागावून जाईल. तर ती रागावतही नाही नुसती गप्प होते. ते मला जास्त ऐकू येतं.

तू तिच्या भावाला कळव की मार्चात परत येऊन बघ. मी सांगितलं म्हणू नकोस.

ओमुरबेक. हा आवाज मला अजून चिन्ह म्हणतो.


बिश्केक, ३० जानेवारी

मामा,

हे काडीतूनच पाठवते आहे. इअरफोन लावून ऐका.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा तुमचा राग आला. माझाही आला, कारण मीही वहिनीला काय काय बोलले.

मामा, तुम्ही तिला मोकळं करताय असं तुम्हांला वाटतं. तिला वाटतं तुम्ही तिला हाकलताय. हे मी सांगू नये, तिनं बजावलं आहे, पण आता या घरात प्रत्येकानं मला काहीतरी लपवायला सांगितलं आहे आणि माझ्या लक्षात राहत नाही कुणाचं काय लपवायचं. ऑक्टोबरात तिनं मला लिहिलं होतं, बाबांना नको असेन तर तोंडावर सांगावं. तुम्ही हात धरणं सोडलंत तो दिवस तिला माहीत आहे. आणि तुमची ओळ यादीत वर आणायची कल्पना माझी नव्हती. गुलझिनानं सांगितलं, तिनंच ती बदलली. त्या काळ्या खिडकीत एकेक अक्षर बघून टाइप करायला तिला अख्खी संध्याकाळ लागली. फोनवर मी होते.

मी तिच्या भावाला काही कळवणार नाही. मला जे लिहिलंत तेच तिला सांगा. जायचं की नाही ते तिला ठरवू दे. तुम्ही दोघं एकाच घरात राहून बिश्केकमार्गे बोलताय.

तुमची पेरिझात


कोचकोर, ११ फेब्रुवारी

पेरिझात,

तुझं पत्र मी ऐकलं. बाबांच्या आधी ऐकलं म्हटलं तरी चालेल.

मी स्वयंपाकघरात मांतीत खिमा भरायचा म्हणून कणीक लाटत होते. बाबांनी इअरफोन कानात घातले होते, ते मी बघितलं होतं. एवढ्यात तो चोंदलेला आवाज घरभर घुमायला लागला, नेहमीपेक्षा मोठ्यानं. त्यांनी तार चुकीच्या भोकात घातली होती, माइकच्या. कानात काही येईना म्हणून आवाज वाढवत गेले आणि तो सगळा स्पीकरमधून. ‘इअरफोन लावून ऐका’ हे वाक्यसुद्धा मी ऐकलं. मग ‘तुम्ही तिला हाकलताय’ आलं. मी लाटणं घेऊन दारात गेले.

“बाबा, कानातलं काढा.”

“का?”

“तार भलत्याच भोकात आहे. सगळं मला ऐकू येतंय.”

त्यांनी इअरफोन काढून हातात धरले. “कुठपासून?”

“पहिल्यापासून.”

“बंद कर ते.”

“तुमची सिस्टिम आहे. मला तिचं बंद करणं माहीत नाही.”

त्यांनाही त्या घाईत सुचेना. मग आम्ही दोघं तसेच थांबलो आणि त्या आवाजानं तुझं पत्र शेवटपर्यंत वाचलं. माझं नावही त्याला धड येत नाही, ‘गचिन्हलझिना’ म्हणतो. एरवी मी हसले असते.

आवाज थांबल्यावर बाबा म्हणाले, “बस.” मी बसले. हाताला पीठ होतं.

“मला गोठ्यातून ऐकू आलं होतं,” ते म्हणाले, आणि भावाचं सगळं सांगितलं. तुला लिहिलं होतं तेच असणार.

मी म्हटलं, “मला विचारलंत का कधी?”

“विचारलं असतं तर जाणार नाही म्हणाली असतीस.”

“मग ते माझं म्हणणं असतं. ऐकून घ्यायचं.”

“ऐकून घेतलं असतं तर मी पुन्हा निवांत झालो असतो. मला माझा भरवसा नव्हता.”

मी बोटांवरचं पीठ खरवडून काढलं. ते म्हणाले, “उलान आता नाही, गुलझिना.” आमच्या घरात हे वाक्य आजवर कुणी मोठ्यानं म्हटलं नव्हतं. तीन वर्षं आम्ही ‘उलान गेल्यापासून’ म्हणायचो, जसा तो कुठे कामाला गेलाय.

पेरिझात, मग मी त्यांना एक गोष्ट सांगितली, तुलाही सांगते. मी बाबांसाठी राहिले हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं म्हणजे मला बाहेर पडायची भीती वाटते. नवं गाव, दुसऱ्याचा छापखाना, उलाननं न लावलेली यंत्रं. ‘बाबांना कोण बघणार’ म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही. मीसुद्धा स्वतःला विचारायचं थांबले होते. म्हणून ते एकेक काम हातात घेत गेले तेव्हा मला राग येत होता. माझं सांगायचं कारण कमी होत होतं.

बाबांनी इअरफोनची तार गुंडाळून टेबलावर ठेवली. मग म्हणाले, “म्हणजे आपण दोघं एकमेकांच्या आड लपलो होतो.”

“तुम्ही तर दिसत होतात,” मी म्हटलं. “लोणी टेबलाला लावत.”

तेव्हा कुठे ते हसले. मांती त्या दिवशी फार उशिरा झाली.

भावाला मी स्वतः फोन केला. मार्चात नाही, नौरूझचा सण झाल्यावर एप्रिलमध्ये जाईन. दोन महिने करून बघते, नाही जमलं तर परत येईन. त्यांच्याकडे त्यांचे संगणक आहेत, त्यामुळे आपला इथेच राहील. बातमा दुपारचं जेवण आणून देईल. बाबांनी तिला अट घातली आहे की ताट ठेवायचं आणि जायचं, उपदेश करायचा नाही. ती म्हणाली, मग नाही आणत. शेवटी अर्ध्या उपदेशावर तडजोड झाली.

काल संध्याकाळी कालव्यापर्यंत गेलो. दोर सोडून.

गुलझिना


बिश्केक, ५ मे

प्रिय मामा,

वहिनीचा फोन येतो. पहिल्या आठवड्यात रडली, दुसऱ्यात तिथल्या फोरमनशी भांडली, आता कागदाच्या जाडीबद्दल मला व्याख्यानं देते. बरी आहे.

तुमचं काम कळलं. सिनेमाच्या दिवसांच्या आठवणी तुम्ही बोलून साठवताय, हे फार चांगलं, पण आवाजाच्या फायलींना जागा लागते. तुमचा भाग भरत आला आहे, म्हणून संगणक हळू झाला. वहिनीच्या दोन्ही विंडोज आता कुणी वापरत नाही. तिचं सगळं काम डिस्कांवर आहेच. त्या दोन्ही पुसून ती जागा तुम्हांला जोडून देऊ का? यादीही उरणार नाही, बटण दाबलं की थेट तुमचीच. जूनमध्ये आले की तासाभराचं काम आहे.

तुमची पेरिझात


कोचकोर, १४ मे

पेरिझात बेटा, स्वल्पविराम सापडला, तेव्हा आता तुला वाचताना ठेचा लागणार नाहीत.

माझं विचारशील तर पहिल्या दिवशी लापशी करपली, दुसऱ्या दिवशी कच्ची राहिली. आता बातमाला न सांगता मी तिचंच ताट थोडं कुत्र्याला घालतो आणि माझं केलेलं खातो. तिला वाटतं माझी भूक वाढली. दुपारी ती ऐकायला बसते. बहात्तर साली वरच्या कुरणावर गारा पडल्या आणि पडदा फाटला, ती गोष्ट मी सांगत होतो तर मधेच म्हणाली, फाटला नव्हता, तुम्ही उलटा लावला होता. तेही आत साठवलं गेलं. राहू दे.

जागेचं म्हणतेस, तर नको. माझ्या भागातलं जुनं काय ते पूस, त्या रशियन बातम्या कशाला भरून ठेवल्यास? नाहीतर दुसरी डिस्क लाव. तिच्या दोन्हींना हात लावायचा नाही. यादी आली की मला थांबावं लागतं हे खरं, पण मला कुठे घाई आहे?

गेल्या आठवड्यात सुट्ट्यांना गुलझिना आली होती. गुरुवारी संध्याकाळी पोचली, दारातच बातमानं तिला धरलं आणि मी किती वाळलोय ते सांगितलं. ती आत आली, पिशवी ठेवली, माझा हात धरून बोटं चाचपली, पोळल्याच्या खुणा बघायला. मग म्हणाली, बाबा, सागिनच्या मुलीचं लग्न आहे, त्यानं वाटेतच पत्रिका गळ्यात घातली, आज करून टाकते. आणि संगणकापाशी जाऊन बसली. सूर वाजले. तिनं बाण दाबल्याचं मला ऐकू आलं, मग तिची सुरू झाली, आणि मग बराच वेळ नुसता बटणांचा आवाज.

मग सूर पुन्हा वाजले, बाण दोनदा, आणि उलानच्या जुनीतून मोठा प्रिंटरही लागला. उलाननं आणला तेव्हापासून तो कागद घेताना खोकतो, अजून तसाच खोकतो.

मी स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला. दूध जरा उतू गेलं, वास सगळीकडे पसरला. ती उठली नाही.

तुझा मामा
ओमुरबेक